पालवणकर बाळू आणि १९३७ ची निवडणूक

आयुष्याचा उत्तम भाग एखाद्या व्यवसायांत घालवावा, त्यांत नांव मिळवावें आणि उतारवयांत लोकप्रतिनिधि होण्याची इच्छा धरावी, हा क्रम आपल्याकडे नवा नाहीं. विधिमंडळांत लोकनियुक्त सभासदांस जागा मिळूं लागल्यापासून वकील, डॉक्टर, प्राध्यापक व पेन्शन घेतलेले अधिकारी यांची तिकडे रीघ लागलेली आहे. अशा उमेदवाराचें मतदारांपाशीं मागणें बहुधा एकच असतें: माझें आजवरचें काम तुम्हीं पाहिलेंच आहे, त्या कामाकडे पाहून मला निवडून द्या. हें मागणें कितपत रास्त आहे? एका क्षेत्रांत मिळविलेली कीर्ति दुसऱ्या क्षेत्रांतील पात्रतेचा पुरावा ठरूं शकते काय? या प्रश्नाचा विचार करण्यास मुंबई इलाख्यांतील १९३७ सालच्या एका लढतीइतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल. भायखळा-परळ भागांतील राखीव जागेसाठीं त्या वर्षीं एका बाजूस डॉ. भीमराव आंबेडकर उभे होते व दुसऱ्या बाजूस क्रिकेटच्या मैदानावरून निवृत्त झालेले गोलंदाज पालवणकर बाळू उभे होते.

बाबासाहेबांच्या चरित्रांत या लढतीस एखाद्या वाक्यापलीकडे जागा मिळत नाहीं, आणि क्रिकेटच्या इतिहासांत ती विषयांतर म्हणून टाकून दिली जाते. दोन्हीकडे अन्याय होतो असें आम्हांस वाटतें. बाळूंची उमेदवारी समजून घ्यावयाची तर प्रथम त्यांचा व्यवसाय समजून घेतला पाहिजे. कारण त्या व्यवसायानें त्यांना जें दिलें आणि जें नाकारलें, त्या दोहोंची छाया या निवडणुकीवर पडलेली आहे.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडास झाला. घराणें मूळचें कोंकणांतलें, जातीनें चांभार. वडील लष्कराच्या नोकरींत होते. शिवराम, गणपत व विठ्ठल हे बाळूंचे धाकटे भाऊ, आणि हे चौघेही पुढें हिंदूंच्या संघांतून खेळले. पण बाळूंनीं क्रिकेट हौसेनें धरलें नाहीं, पोटासाठीं धरलें. पुण्यास पारशी मंडळींच्या क्लबांत मैदान झाडणें व रूळ फिरविणें हें त्यांचें पहिलें काम, आणि पगार दरमहा तीन रुपये. पुढें ते युरोपियनांच्या क्लबांत गेले, तेथें चार रुपये मिळूं लागले. साहेब लोक सरावास उभे राहिले म्हणजे त्यांना चेंडू टाकण्याचें काम या डावखुऱ्या तरुणाकडे आलें. कॅप्टन ग्रेग या नामांकित फलंदाजास बाद केलें कीं तो दर वेळीं आठ आणे बक्षीस देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या क्लबांत बाळूंच्या हातीं बॅट कोणी दिली नाहीं. चेंडू टाकणें हें चाकराचें कष्टाचें काम आणि बॅट धरणें हा धन्याचा विलास, अशी ती वांटणी होती.

पुण्याच्या हिंदु खेळाडूंना युरोपियनांस हरवावयाचें होतें आणि त्यासाठीं बाळूंचा डावा हात पाहिजे होता. म्हणून त्यांना संघांत घेण्यांत आलें. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं हातांत घ्यावा, मात्र चहाच्या वेळीं त्यांनीं पॅव्हिलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यांतून चहा प्यावा व जेवणासही निराळें बसावें, अशी व्यवस्था होती. खेळापुरता विटाळ संपत होता आणि खेळ थांबतांच पुन्हा सुरू होत होता. प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले. तेथें रेल्वेची नोकरी मिळाली, आणि हिंदु जिमखान्यानें त्यांना आपल्या संघांत घेतलें. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें, तेव्हां त्या विजयांत बाळूंच्या गोलंदाजीचा वांटा फार मोठा होता. मुंबईंतील सुधारकांनीं या विजयांत केवळ खेळाचें यश पाहिलें नाहीं; जातिभेद बाजूस ठेवल्यानें काय साधतें याचा तो दाखला आहे, असें त्यांनीं म्हटलें.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी क्रिकेट संघ इंग्लंडांत गेला. संघ बहुतेक सामने हरला. परंतु बाळूंनीं त्या दौऱ्यांत एकंदर ११४ गडी बाद केले. परत आल्यावर मुंबईंतील अस्पृश्य समाजानें त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगींचें मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांनीं लिहिलें होतें, असें क्रिकेटचे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनीं नमूद केलें आहे. अस्पृश्य समाजांतील एका होतकरू विद्यार्थ्यास त्या काळीं अभिमानानें नांव घ्यावें असा पुरुष हवा असेल, तर बाळूंहून मोठा दुसरा कोण होता? पंचवीस वर्षांनीं हे दोघे एकाच जागेसाठीं समोरासमोर उभे राहिले.

एवढी कीर्ति मिळूनही हिंदु संघाचें कर्णधारपद बाळूंच्या वांट्यास आलें नाहीं. इंग्लंडांतही पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूस कर्णधार करण्याची रीत तेव्हां नव्हती. लेन हटन या व्यावसायिकाकडे इंग्लंडच्या संघाचें नेतृत्व आलें तें १९५२ सालीं. पण तिकडे आड आला तो वर्ग. इकडे वर्गाच्या जोडीस जातही होती. १९२० सालीं हा प्रश्न चव्हाट्यावर आला. पालवणकर बंधूंचा कर्णधारपदावरील हक्क डावलला गेला, तेव्हां शिवराम व विठ्ठल यांनीं संघांतून अंग काढून घेतलें आणि आपली तक्रार जाहीरपणें मांडली. वर्तमानपत्रांतून वाद झाला. अखेर १९२३ सालीं विठ्ठलरावांकडे नेतृत्व आलें आणि त्यांच्या हाताखालीं हिंदूंनीं चौरंगी सामने जिंकले. धाकट्या भावास न्याय मिळाला तेव्हां थोरल्याचा खेळ संपलेला होता.

आतां राजकारणाकडे वळूं. १९३२ च्या ऑगस्टांत ब्रिटिश सरकारचा जातिनिवाडा जाहीर झाला व त्यानें अस्पृश्यांस विभक्त मतदारसंघ दिले. गांधीजींनीं येरवड्याच्या तुरुंगांत उपोषण आरंभिलें, आणि २४ सप्टेंबर रोजीं पुणें करार झाला. करारानें विभक्त मतदारसंघ गेले. त्यांच्या ऐवजीं प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या, व त्यांपैकीं १५ मुंबई इलाख्याच्या वांट्यास आल्या. प्राथमिक निवडणुकींत अस्पृश्य मतदारांनीं चार उमेदवार निवडावे आणि त्यांतून एकास सर्वसाधारण मतदारसंघानें निवडावें, असें ठरलें. या करारावर डॉ. आंबेडकरांची सही आहे, तशी बाळूंचीही आहे. मात्र दोघांच्या सह्यांचा अर्थ एक नव्हता. बाबासाहेबांनीं ती केली एका मोठ्या माणसाच्या प्राणांवर बेतल्यामुळें, मनाविरुद्ध. बाळू प्रथमपासूनच संयुक्त मतदारसंघाच्या पक्षाचे होते. १९३५ च्या ऑक्टोबरांत येवल्यास बाबासाहेबांनीं हिंदुधर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला, तोही बाळूंना मानवला नाहीं.

हा मतभेद केवळ स्वभावाचा होता असें आम्हांस वाटत नाहीं. बाळूंचा सारा अनुभव असा होता कीं, गुण दाखविले म्हणजे दार हळूहळू किलकिलें होतें. मातीच्या भांड्यापासून हिंदु जिमखान्याच्या पंक्तीपर्यंत आणि तेथून भावाच्या कर्णधारपदापर्यंतची वाट त्यांनीं स्वतः पाहिलेली होती. डॉ. आंबेडकरांचा अनुभव याच्या उलट होता. परदेशच्या विद्यापीठांच्या पदव्या घेऊन बडोद्यास नोकरीवर गेलेल्या या विद्वानास राहावयास घर मिळालें नव्हतें. गुणांनीं दार उघडत नाहीं, तें हक्कानें उघडावें लागतें, असा त्यांचा निष्कर्ष झाला. एका समाजव्यवस्थेच्या दोन बळींनीं दोन निराळे धडे घेतले, आणि दोन्ही धडे अनुभवाचेच होते.

१९३५ च्या कायद्यानें प्रांतिक स्वायत्तता आली आणि १९३७ च्या फेब्रुवारींत मुंबई असेंब्लीच्या १७५ जागांसाठीं मतदान झालें. प्रौढ मतदान तेव्हां नव्हतें. मालमत्ता, कर, घरभाडें, शिक्षण अशा अटींवर मताचा हक्क अवलंबून असे. डॉ. आंबेडकरांनीं आदल्या वर्षीं स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता व त्याचे १७ उमेदवार उभे केले होते. खुद्द पक्षनेत्याच्या विरुद्ध काँग्रेसनें बाळूंना उभें केलें. बाळूंचें वय तेव्हां साठीच्या घरांत होतें. तत्पूर्वीं ते १९३३ च्या सुमारास हिंदुमहासभेच्या वतीनें मुंबई म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीस उभे राहून पराभूत झाले होते.

काँग्रेसचा हिशेब उघड होता. डॉ. आंबेडकर हेच सर्व अस्पृश्यांचे एकमेव प्रतिनिधि नव्हेत, असें तिला दाखवावयाचें होतें. त्यासाठीं अस्पृश्यांतीलच, पण महार नसलेला आणि स्पृश्यांसही प्रिय असलेला असा उमेदवार पाहिजे होता. हे सर्व गुण बाळूंच्या ठिकाणीं होते. शिवाय मतदारसंघ संयुक्त; त्यांत स्पृश्य मतदारांचा भरणा. अशा स्थितींत निकाल बाळूंच्या बाजूनें लागता तर कोणास नवल वाटलें नसतें. प्रत्यक्षांत डॉ. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मतें पडलीं. अंतर २,०२० मतांचें. दोघांच्या मतांची बेरीज केली तर बाळूंचा वांटा शेंकडा सुमारें ४६ येतो. या पराभवास दारुण म्हणतां येणार नाहीं. परंतु पराभव तो पराभव.

या निकालावरून दोन प्रकारचीं मतें ऐकूं येतात. कित्येक म्हणतात, बाळू हे काँग्रेसच्या हातांतील केवळ बाहुलें होते. दुसरे म्हणतात, ज्या पुरुषानें हिंदु समाजाची मान उंच केली त्यास त्या समाजानें ऐन वेळीं दगा दिला. आम्हांस हीं दोन्हीं मतें मान्य नाहींत. पुणें करारावर सही करणाऱ्या आणि आपलें मत जाहीरपणें सांगणाऱ्या माणसास बाहुलें म्हणणें हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. अस्पृश्य पुढाऱ्याचें मत आपल्यास पटलें नाहीं कीं तें त्याचें स्वतःचें नसेलच असें समजणें, हाही एक जुना तुच्छभावच होय. आणि मतदारांनीं दगा दिला म्हणावें, तर मत हें देणें फेडण्याचें साधन आहे असें मानावें लागेल. तें तसें नाहीं.

निवडून आल्यावर त्या जागेचा उपयोग काय झाला तें पाहिलें म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. १९३७ च्या सप्टेंबरांत डॉ. आंबेडकरांनीं कोंकणांतील खोती नष्ट करण्याचें बिल असेंब्लींत मांडलें. १९३८ च्या जानेवारींत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईंत कौन्सिल हॉलवर गेला. त्याच वर्षीं ७ नोव्हेंबर रोजीं मजुरांच्या संपाच्या हक्कावर बंधन घालणाऱ्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. खोतीचें बिल पास झालें नाहीं व औद्योगिक कलहाचें बिल अडलें नाहीं. तथापि कुळांचें व गिरणीमजुरांचें गाऱ्हाणें सरकारासमोर ठासून मांडलें गेलें. सरकार काँग्रेसचें होतें. बाळू निवडून येते तर पक्षशिस्तीनें ते सरकारच्या बाजूच्या बांकावर बसते; मग त्यांच्या मनांत कुळांविषयीं कितीही कळवळा असो. तेव्हां भायखळा-परळच्या मतदारापुढें बाळू थोर कीं बाबासाहेब थोर हा प्रश्न नव्हता. आपलें गाऱ्हाणें कोण मांडील, आणि कोणाच्या परवानगीवांचून मांडील, हा होता.

निवृत्त उमेदवाराच्या बाबतींत आपण बहुधा येथेंच चुकतों. त्याच्या सेवेचें ऋण समाजावर असतें हें खरें. पण तें ऋण ज्या ठिकाणीं झालें त्याच ठिकाणीं फेडलें पाहिजे. बाळूंचें ऋण क्रिकेटच्या मैदानावर झालें होतें. तें फेडण्याची वेळ त्यांना कर्णधार करण्याची होती, त्यांच्याबरोबर एका पंक्तीस बसण्याची होती. ती वेळ दवडून वीस-पंचवीस वर्षांनीं उमेदवारीचें तिकीट पुढें करणें, आणि तेंही त्यांच्याच समाजांतील सर्वांत मोठ्या पुढाऱ्याला पाडण्यासाठीं, ही ऋणफेड नव्हे. बाळूंनीं ती उमेदवारी स्वीकारली, कारण संयुक्त हिंदु समाजावर त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासाबद्दल त्यांना दोष देण्यास आम्ही तयार नाहीं. ज्यांनीं तो विश्वास आयुष्यभर अर्ध्यामुर्ध्या मापानें परत केला, दोष असेल तर त्यांचा आहे.

बाळू ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईंत वारले. पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ गडी हा त्यांचा हिशेब क्रिकेटच्या दप्तरीं नोंदलेला आहे. डॉ. आंबेडकर त्यानंतर दीड वर्षाच्या आंत निवर्तले. आजही निवृत्त अधिकारी, डॉक्टर, खेळाडू निवडणुकीस उभे राहतात आणि मागील कामाचा दाखला देऊन मतें मागतात. त्या दाखल्याचा आदर जरूर करावा. मात्र मत देण्यापूर्वीं उमेदवारास विचारण्याचा प्रश्न भायखळा-परळच्या मतदारांनीं विचारला तोच आहे: तुम्हीं आजवर काय केलें तें आम्ही जाणतों; उद्यां आमच्या वतीनें कोणापुढें उभे राहाल, तें सांगा.