नोंदवहीचा धनी कोण?

फोनमधील दिनदर्शिका व नांवपत्ते घरच्या लिनक्स संगणकाशीं जुळविणें आज सुकर झालें आहे. पण त्यामागें दीर्घ खटपट आहे. १९९६ सालीं आलेलें ‘पायलट’ हें हातांतील यंत्र पाळण्यांत ठेवून कळ दाबली कीं दोहोंकडील नोंदी जुळत. ही सोय कंपनीनें विंडोज व मॅकिंटॉश यांपुरतीच दिली; म्हणून लिनक्सच्या उपासकांनीं ‘पायलट-लिंक’ स्वतःच रचिलें. १९९८ सालीं ‘आयकॅलेंडर’नें दिनदर्शिकेच्या नोंदींस सर्वमान्य रूप दिलें. २००७ सालीं ‘कॅलडॅव्ह’नें त्यांस, तर २०११ सालीं ‘कार्डडॅव्ह’नें पत्त्यांस दळणवळणाचा खुला मार्ग दिला. आतां ‘रॅडिकेल’सारखा सर्व्हर घरींच बसवून, परक्या भांडाराचा आश्रय न घेतां, नोंदी जुळवितां येतात. वही कोठें ठेवावी, हें ठरविण्याचा अधिकार त्यामुळें तिच्या धन्याकडेच राहिला.