मनाचे श्लोक : साडेतीनशे वर्षांनंतरही ही कविता स्टेटसवर का दिसते?

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, इन्स्टाग्राम रील, सकाळचे ‘सुप्रभात’चे फोटो... कुठे ना कुठे समर्थ रामदासांची एखादी ओळ दिसतेच. १७ व्या शतकातली ही रचना आज मोबाइलवर कशी टिकून आहे? आणि एकच ओळ शेअर करताना काय हरवतं?

कोणी लिहिले, कुठले?

जालना जिल्ह्यातलं तीर्थपुरी ज्या घनसावंगी तालुक्यात येतं, त्याच तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. १६०८ मध्ये रामनवमीला नारायण सूर्याजीपंत ठोसर यांचा जन्म इथे झाला. हेच पुढे समर्थ रामदास म्हणून ओळखले गेले.

‘मनाचे श्लोक’ ही त्यांची २०५ श्लोकांची रचना. प्रत्येक श्लोक चार ओळींचा. रामदासी शिष्य दारोदारी भिक्षा मागताना हे श्लोक म्हणत, असं परंपरा सांगते. म्हणजे ही कविता पुस्तकातून नव्हे, तर अंगणात उभं राहून, मोठ्या आवाजात लोकांपर्यंत पोहोचली. पुढे घरोघरी दिवेलागणीला ती म्हटली जाऊ लागली. शाळांमध्ये पाठांतर स्पर्धा आजही होतात.

पटकन पाठ का होतात?

याचं उत्तर वृत्तात आहे. हे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक ओळीत १२ अक्षरं आणि चाल ठरलेली: लगागा लगागा लगागा लगागा. एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा. एखादा शब्द चुकला तर चाल अडखळते आणि चूक लगेच कळते. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते बिनचूक लक्षात ठेवता येत. छापखाना नसलेल्या काळात कविता जपण्याची ही उत्तम सोय होती.

मग ‘मोटिव्हेशनल कोट’पेक्षा वेगळं काय?

इथे कवी उपदेश करतो, पण तो मनाला. ‘दासबोध’ या ग्रंथात समोर श्रोते आहेत. ‘मनाचे श्लोक’ मात्र बहुतेक ठिकाणी स्वतःच्याच मनाशी बोलतात. कधी आर्जवानं, कधी कडक शब्दांत. श्लोक म्हणणारा माणूस आपोआप स्वतःलाच समजावत असतो. दुसऱ्यानं दिलेला सल्ला आपण सहज झटकतो. स्वतःच्या तोंडून आलेलं वाक्य झटकणं अवघड जातं.

जगातल्या इतर टिकाऊ कवितांतही हे दिसतं. इंग्रजी कवी विल्यम अर्नेस्ट हेन्ली यांचा एक पाय आजारामुळे कापावा लागला होता. १८७५ मध्ये दुसऱ्या पायावर रुग्णालयात उपचार सुरू असताना त्यांनी ‘इन्व्हिक्टस’ ही कविता लिहिली. तीही ‘तुम्ही असं करा’ असं सांगत नाही. कवी स्वतःबद्दल, स्वतःलाच बळ देत बोलतो.

एकच ओळ शेअर केली तर काय बिघडतं?

११ व्या श्लोकाचं उदाहरण घेऊ. जगात पूर्णपणे सुखी असा कुणी आहे का, हे मना, तूच शोधून पाहा, असा त्याच्या पहिल्या भागाचा आशय आहे. इतरांच्या सहली, लग्नं आणि नव्या गाड्यांचे फोटो पाहून खट्टू होणाऱ्या आजच्या वाचकाला तो थेट भिडतो. शेअरही हाच भाग जास्त होतो.

पण श्लोक तिथे संपत नाही. आज जे भोगावं लागतंय ते आपल्याच पूर्वसंचिताचं फळ आहे, असं उरलेल्या दोन ओळी मनाला सांगतात. पहिला भाग दिलासा देतो, दुसरा जबाबदारी घ्यायला लावतो.

खरी मेख इथेच आहे. हा दुसरा भाग स्वतःला म्हटला तर ते आत्मपरीक्षण ठरतं. तोच पीक गेलेल्या शेतकऱ्याला किंवा आजारी नातेवाइकाला फॉरवर्ड केला तर ‘तुझं तूच भोग’ असा त्याचा अर्थ होतो. शब्द तेच, पण ऐकणारा बदलला की दिलाशाचा टोमणा होतो.

आणखी एक गोष्ट सुटते. ही रचना मुळात भक्तीची आहे. मनाला रामाकडे वळवणं हा तिचा हेतू आहे. परीक्षेतलं यश किंवा धंद्यातला नफा हा तिचा विषय नाही. श्रद्धा नसलेला वाचकही त्यातून बळ घेऊ शकतो, पण संदर्भ माहीत असलेला बरा.

शेअर करण्याआधी काय पाहावं?

• ओळ एकटी न टाकता पूर्ण श्लोक टाका. चारच ओळी असतात.
• श्लोकाचा क्रमांक द्या. नावावर खपवलेल्या बनावट ओळी त्यामुळे लगेच ओळखता येतात.
• कुणाला पाठवण्याआधी एकदा स्वतःसाठी मोठ्यानं म्हणून पाहा.

हे श्लोक मुळात तसेच म्हणण्यासाठी रचले गेले. दुःखात असलेल्या माणसाला मात्र श्लोकाआधी एक फोन केलेला चांगला.