तळटीप १७ : घरातली माशांची टाकी
१७. दख्खनमधल्या माशांची जुनी, तपशीलवार नोंद चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात सापडते. माशांच्या जाती, त्यांचं खाद्य, गळ टाकण्याची रीत असं सगळं त्यात आहे. राजाच्या करमणुकींविषयी लिहिलेला हा भाग आज अभ्यासकांना मोलाचा वाटतो. चिखलीतले घरात मासे पाळणारे हौशी लोक बोअरच्या जड पाण्यात कोणता मासा तगला, गप्पीला पिल्लं कधी झाली हे मोबाइलवर एकमेकांना कळवतात. तेही पुढच्या पिढ्या असंच आस्थेनं वाचतील, अर्थात कुणी जपून ठेवलं तर. त्या पिढ्या जाबही विचारतील. कारण शोभेच्या माशांच्या व्यापारातून आलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. (संपा.)