विचाराला वचनाचं उत्तर

सात मुख्य पापांची यादी धर्मशिक्षणाच्या वर्गात बहुतेकांनी पाठ केलेली असते. ती जन्माला आली तेव्हा तिच्यात सात नव्हे, आठ नावं होती आणि ती पापांची नव्हती, मनात येणाऱ्या विचारांची होती. नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला, वाळवंटात केल्लिया नावाची ख्रिस्ती वैराग्यांची वस्ती होती. आठवडाभर प्रत्येक जण आपापल्या कुटीत एकटा राही आणि शनिवारी-रविवारी सगळे प्रार्थनेला एकत्र जमत. चौथ्या शतकाच्या अखेरीस याच वस्तीत पोंतच्या एवाग्रियसने ती यादी मांडली.

एवाग्रियस हा काळ्या समुद्रालगतच्या पोंत प्रांतातला. विद्वान, वक्ता, कॉन्स्टँटिनोपलमध्ये नावाजलेला धर्मसेवक. तिथे एका विवाहित स्त्रीत त्याचं मन गुंतलं. तो शहर सोडून जेरुसलेमला गेला. तिथेही त्याचं मन डळमळतच होतं. दीर्घ आजारात मेलानिया नावाच्या विरक्त स्त्रीने त्याला सावरलं आणि संन्यासाकडे वळवलं. 383च्या सुमारास तो इजिप्तमध्ये आला. पोटासाठी हस्तलिखितं नकलून देई. 399मध्ये तो केल्लियातच वारला. मोह कसा येतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, आळसावलेली उदासी, लौकिकाची हाव आणि गर्व हे त्याचे आठ विचार. आपल्या षड्रिपूंशी त्यांचं नातं चटकन जाणवतं, पण एवाग्रियस नाव देऊन थांबत नाही, विचार नेमकं काय बोलतो तेही लिहून ठेवतो. खादाडपणा जिभेची चव सांगत नाही. तो म्हणतो, एवढा उपास केलास तर पोट बिघडेल, आजार लांबेल, इथे वैद्य कुठून आणणार? द्रव्यलोभ म्हातारपण पुढे करतो: हात चालेनासे झाले तर काय, दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज कशी सोसशील? आणि उदासी भर दुपारी येते. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, जेवणाची वेळ किती दूर आहे हे पाहायला माणूस पुन्हा पुन्हा खिडकीशी जातो, मग कुटीचा वीट येतो, घरच्यांची आठवण काढत काढत दुसरी जागा शोधावीशी वाटते. सोळाशे वर्षांनंतर वाचतानाही आपल्याच दुपारचं वर्णन वाचतोय असं वाटतं.

या विचारांशी झुंजण्यासाठी त्याने ‘आन्तिर्‍हेतिकोस’ म्हणजे प्रत्युत्तरांचा ग्रंथ रचला. आठ विचारांचे आठ भाग, जवळपास 500 नोंदी. प्रत्येक नोंदीत आधी एक विशिष्ट विचार किंवा प्रसंग, आणि त्याच्यापुढे त्याला द्यायचं शास्त्रवचन. नमुना थेट प्रभूचा. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशू सैतानाशी वाद घालत बसत नाही, तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातलं एकेक वचन त्याच्यापुढे ठेवतो. एवाग्रियसचं म्हणणं साधं होतं. वचनं बायबलभर विखुरलेली आहेत, ऐन झुंजीत योग्य ते वचन सुचत नाही. म्हणून ती मन शांत असतानाच वेचून ठेवायची.

पुढे त्याचा शिष्यसमान योहान कॅसियन मार्सेयला गेला आणि त्याने आठ विचार लॅटिन पश्चिमेत नेले, एवाग्रियसचं नाव मात्र कुठेही घेतलं नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोर ग्रेगरीने यादी नव्याने लावली. गर्वाला मूळ ठरवलं, उदासी खिन्नतेत मिसळली, मत्सर आत आणला. पुढे हीच सात मुख्य पापं झाली. 1215च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचं केल्यावर ही यादी विवेक तपासण्यासाठी सर्रास वापरली जाऊ लागली. दरम्यान सहाव्या शतकात आधीच्या काळातल्या ऑरिजेन या ख्रिस्ती विचारवंताच्या मतांसोबत एवाग्रियसही दोषी ठरला होता. त्याचे काही ग्रंथ दुसऱ्यांच्या नावाखाली टिकले. प्रत्युत्तरांच्या ग्रंथाची मूळ ग्रीक संहिता गेली. तो आपल्यापर्यंत पोचला तो सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांमुळे.

मला यातलं मोठं नुकसान वेगळंच वाटतं. यादी उरली, उत्तरं मागे पडली. पाप घडून गेल्यावर मोजायला यादी उपयोगी पडते. पण एवाग्रियसने ती पाप घडण्याआधीच्या क्षणासाठी केली होती, विचार दारात उभा असतानाच त्याला ओळखता यावं म्हणून. त्याच्या दृष्टीने विचार येणं आपल्या हाती नाही, त्याला बसायला जागा द्यायची की नाही, हे आपल्या हाती आहे. अपराधीपणाने दबलेल्या भाविकाला हा केवढा दिलासा आहे!

शब्बाथशाळेत पाठ केलेली वचनं आपल्यापैकी अनेकांच्या जिभेवर आहेत. येत्या उपवासकाळात काय सोडायचं हे ठरवण्याआधी, आपल्याला नेहमी गाठणारा एक विचार त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवा आणि त्याच्यापुढे त्याला द्यायचं वचन लिहा.