हवाई छत्रीचे घरगुती चरित्र

विमान धडधाकट आहे, त्यात इंधन आहे, चालक आपल्या जागेवर सावध बसला आहे, आणि अशा वेळी दार उघडून एक मनुष्य बारा हजार फुटांवरून स्वखुशीने बाहेर उडी टाकतो. हे ऐकल्यावर सामान्य गृहस्थाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो वाऱ्याचा किंवा कापडाचा नव्हे. तो विचारतो, याच्या घरी कोणी आहे की नाही?

हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. हवाई छत्रीचा म्हणजे पॅराशूटचा इतिहास लिहिणाऱ्यांनी रेशमाची गोष्ट सांगितली, युद्धाची सांगितली, विक्रमांची सांगितली. घराची गोष्ट मात्र बहुधा तळटीपेत ढकलली. वास्तविक या विद्येचा जन्मच एका कुटुंबात झाला, आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ ती बव्हंशी कुटुंबांच्याच आधाराने जगली.

२२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसच्या मॉन्सो उद्यानावर आंद्रे-जाक गार्नरँ या फ्रेंच गृहस्थाने बलूनला बांधलेली दोरी कापली आणि सुमारे तीन हजार फुटांवरून छत्रीसह तो खाली आला. छत्रीच्या माथ्यावर हवा निसटण्यास भोक नव्हते. त्यामुळे त्याची टोपली घड्याळाच्या लंबकासारखी हेलकावत आली. तो सुखरूप उतरला. पुढील वर्षी त्याने एका तरुणीस बलूनमधून वर नेण्याचे जाहीर केले, तेव्हा पॅरिसच्या पोलिसांनी हरकत घेतली. विरळ हवेचा स्त्रीच्या नाजूक शरीरावर काय परिणाम होईल, ही एक शंका. आणि परपुरुषासमवेत एकांतात आकाशगमन करणे कितपत सभ्य, ही दुसरी. प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेले. स्त्रीपुरुषांनी एका गाडीत बसण्यात जर वावगे नाही, तर एका बलूनमध्ये बसण्यातही नाही, असा निर्णय झाला. या शहाणपणाबद्दल त्या मंत्र्यांचे आजही आभार मानावेत.

गार्नरँची शिष्या आणि पुढे त्याची पत्नी झालेली झान लाब्रोस हिने १२ ऑक्टोबर १७९९ रोजी स्वतः छत्रीने उडी घेतली. असे करणारी ती पहिली स्त्री. १८०२ साली छत्रीच्या एकाधिकारासाठी सरकारदरबारी अर्ज दाखल झाला, तो पतीच्या वतीने तिनेच केला. त्यांची पुतणी एलिझा हिने तर १८१५ ते १८३६ या काळात युरोपभर हिंडून एकूणचाळीस उड्या मारल्या. काका, काकू, पुतणी असा हा धंदा होता. आपल्याकडे कीर्तनकाराच्या किंवा तमासगिराच्या घरात जशी विद्या पिढीजात उतरते, तशी ती तेथे उतरली. आणि दैवाची थट्टा पाहा: हजारो फुटांवरून निर्धास्त उतरणारा गार्नरँ १८२३ साली मेला तो जमिनीवर, बलून बांधण्याच्या कामात डोक्यात तुळई बसून.

इंग्लंडात स्पेन्सर घराण्याची कथा अशीच आहे. १८३७ साली रॉबर्ट कॉकिंग हा साठी उलटलेला मनुष्य स्वतःच्या कल्पनेच्या उलट्या छत्रीतून उतरताना ठार झाला, तेव्हा बलून चालवणाऱ्या चार्ल्स ग्रीनसमवेत एडवर्ड स्पेन्सर हा गृहस्थ वर होता. असा प्रसंग पाहिलेल्या घराने आकाशाचे नावही काढू नये. परंतु एडवर्डने आपल्या मुलाचे नावच चार्ल्स ग्रीन ठेवले, आणि तो मुलगा व त्याची मुले या सर्वांनी बलून व छत्री हाच संसार मानला. त्यांपैकी पर्सिव्हल स्पेन्सर १८८९ साली कलकत्त्यास आला. रामचंद्र चटर्जी या बंगाली कसरतपटूने त्याच्यापासून ही विद्या घेतली, त्याच वर्षी बलूनमधून एकट्याने आकाश गाठले आणि १८९० साली हवाई छत्रीने तो खाली उतरला.

परंतु या सर्व घराण्यांपेक्षा माझे मन एका शिंपीण स्त्रीपाशी अधिक रेंगाळते. जर्मनीतील केटे पाउलुस ही शिवणकामावर पोट भरणारी मुलगी. हेर्मान लाटेमान या बलूनवाल्याशी तिचा परिचय झाला. ती त्याच्या छत्र्या शिवू लागली, मग त्याची वाग्दत्त वधू झाली, त्याच्यापासून तिला एक मुलगा झाला, आणि १८९३ पासून तीही उड्या घेऊ लागली. १८९४ साली क्रेफेल्ड येथे लाटेमानची छत्री उघडली नाही, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो गेला. पुढच्याच वर्षी घटसर्पाने तो लहान मुलगाही गेला. घर म्हणून जे काही होते ते असे वर्षभरात पुसले गेले. तिने काय केले? ती पुन्हा आकाशात गेली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिने पुन्हा सुई हाती घेतली. छत्री सुटी लोंबत न ठेवता तिची घडी घालून पिशवीत बंद करण्याची युक्ती तिने साधली. पहिल्या महायुद्धात जर्मन टेहळणी-बलूनांतील सैनिकांसाठी सुमारे सात हजार छत्र्या तिच्या देखरेखीखाली तयार झाल्या. कोणा सेनापतीच्या चरित्रात तिचे नाव सापडत नाही. तथापि कितीतरी घरांतील माणसे त्या टाक्यांच्या बळावर परत आली असतील.

अमेरिकेतील जॉर्जिया थॉम्प्सन हिची हकीकत दारिद्र्याची आहे. कोवळ्या वयात लग्न, पदरी मुलगी, कापडगिरणीत काबाडकष्ट. १९०७ साली जत्रेत चार्ल्स ब्रॉडविकचा बलूनचा खेळ पाहून तिने त्याच्याकडे काम मागितले. आईने नातीला आपल्याजवळ ठेवून घेतले आणि कमाई घरी पाठवण्याच्या अटीवर लेकीला जाऊ दिले. लोकापवाद टाळण्यासाठी ब्रॉडविकने तिला मानसकन्या केले, आणि 'टायनी ब्रॉडविक' या नावाने ती प्रसिद्ध झाली. २१ जून १९१३ रोजी लॉस एंजेलिसवर विमानातून छत्रीने उडी घेणारी ती पहिली स्त्री ठरली. तिच्या उड्यांची संख्या हजाराहून अधिक सांगतात. त्या प्रत्येक उडीमागे दूर कॅरोलिनात एक म्हातारी आणि एक लहान मुलगी होती, आणि त्या दोघींच्या पोटाचा घास होता.

येथपर्यंत पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. या सर्वांच्या घरांना धास्ती होती. पण त्या धास्तीचे मोलही घरात येत होते. चूल पेटायची ती उडीवर. पुढे छंद आला आणि हा हिशेब उलटा झाला.

त्या आधी दुसरे महायुद्ध आले. हवाई छत्री हजारो सैनिकांच्या पाठीवर बसली आणि युद्ध संपल्यावर घरोघर परतली, तीही चमत्कारिक रूपाने. कापडाची टंचाई होती. अमेरिकेत एका बाँबफेक्या विमानाच्या चालकाने चीनमध्ये ज्या नायलॉनच्या छत्रीने आपला जीव वाचवला होता, तीच १९४७ साली आपल्या वाग्दत्त वधूला दिली, आणि त्या कापडाचा तिने लग्नाचा झगा केला. तो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

युद्धातून परतलेल्या तरुणांना उडीची चटक लागली होती. १९५१ साली युगोस्लाव्हियातील ब्लेड येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. १९५९ साली अमेरिकेतील ऑरेंज या गावी जाक इस्तेल याने शुल्क भरणाऱ्या कोणाही नागरिकासाठी उडीचे केंद्र काढले. कारकून, शिक्षक, दुकानदार येऊ लागले. आता उडी पैसे आणीनाशी झाली. ती पैसे नेऊ लागली. शिवाय रविवार नेऊ लागली. हा छंद ज्याला जडतो त्याच्या कुटुंबाची सुट्टी विमानतळाच्या कडेला, वारा पडण्याची किंवा ढग हटण्याची वाट पाहण्यात जाते. साठ सेकंदांचा मुक्त पात, ताशी सुमारे एकशेवीस मैलांचा वेग, मग छत्रीखाली पाचसात मिनिटांचे तरंगणे. आणि यासाठी अख्खा दिवस. मुले गवतावर पसरलेल्या छत्र्यांभोवती खेळतात. त्यांना ती दृश्ये आपल्या मुलांना क्रिकेटच्या मैदानाची असतात तितकी परिचयाची होतात. घरी बसणाराची स्थिती मात्र निराळी. त्याच्या वाट्याला ना थरार, ना पैसा. केवळ संध्याकाळचा दूरध्वनी. पोटासाठी कोणी जीव धोक्यात घातला तर घर मूकपणे संमती देते. हौसेसाठी घातला तर ती संमती मागावी लागते, आणि मागणे हे उडीहून अवघड असते असे मला वाटते.

ही संमती पुढे थोडी सोपी झाली ती यंत्रांमुळे. डोमिना जालबेर या पतंगकाराच्या कल्पनेतून १९६४ च्या सुमारास हवेने फुगणारी चौकोनी छत्री निघाली आणि उतरणाऱ्याला दिशा हाती आली. पाठीवर दुसरी राखीव छत्री असतेच. १९९१ पासून विद्युतयंत्राची एक चिमुकली डबीही आली: मनुष्य बेशुद्ध झाला, तरी सुमारे साडेसातशे फुटांवर ती राखीव छत्री आपोआप सोडते. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत या छंदापायी वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसे दगावत. २०२३ साली साडेछत्तीस लक्ष उड्यांमागे दहा दगावली. आकडा लहान आहे. ज्या दहा घरांत तो गेला, तेथे तो लहान नाही.

भारतात ही विद्या दीर्घकाळ सैन्याच्या अंगणातच राहिली. १९५९ साली हवाई दलातील डॉक्टर गीता चंदा यांनी उडी घेऊन भारतीय स्त्रियांसाठी ते अंगण उघडले. रेचेल थॉमस यांनी १९७९ मध्ये पहिली उडी घेतली, संसार सांभाळून हा छंद वाढवला आणि २००२ साली त्या उत्तर ध्रुवावर उतरल्या. अशा स्त्रीला हटकून विचारतात की, तुम्ही गेल्यावर मुलांना कोण सांभाळते? पुरुषाला हा प्रश्न कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

पुण्याच्या शीतल महाजन यांचे उदाहरण तर आपल्या सर्वांच्या ओळखीचे. २००४ साली त्यांनी आयुष्यातील पहिलीच उडी घेतली ती थेट उत्तर ध्रुवावर. २००८ साली त्यांचा विवाह पुण्याजवळ उष्ण हवेच्या बलूनमध्ये, जमिनीपासून सातशेपन्नास फुटांवर लागला. गार्नरँच्या काळचे पोलीस असते तर त्यांना निदान येथे हरकत घेता आली नसती. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जुळ्या मुलांची आई झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी घेतली. बातमी वाचून पुष्कळांना नऊवारीचीच धास्ती वाटली. खरे पाहता काष्टा उडीस सोयीचाच; छत्रीचे पट्टे दोन्ही मांड्यांभोवती घट्ट आवळावे लागतात, आणि काष्ट्याला त्यांची अडचण नाही. प्रश्न होता तो ताशी एकशेवीस मैलांच्या वाऱ्यात पदराचा. आणि त्यासाठी घरात ज्या नेहमी हाताशी असतात, त्या पिनाच वापराव्या लागल्या.