गव्हाचें पथ्य : एका शोधाची हकीकत

पुरणपोळीची कणीक कां तिंबावी लागते, हें कोणत्याहि जाणत्या गृहिणीस विचारावें. तेलाचा व पाण्याचा हात लावून ती कणीक इतकी मळते, आपटते, ताणते कीं, शेवटीं तिला तार सुटते. आणि मग मुठीएवढें पुरण पोटांत घेऊनहि पोळी फाटत नाहीं. हीच गृहिणी भाकरीच्या पिठाशीं असें वागत नाहीं. ज्वारीच्या पिठाला फार तर विरी असते. पीठ जुनें झालें म्हणजे तीहि जाते, मग कढत पाणी घालून तें कसेंबसें बांधावें लागतें, आणि थापतांना कडा चिरल्या तर तो दोष थापणारीच्या हाताचा नसतो. गव्हांत कांहीं तरी आहे व ज्वारींत तें नाहीं, हें आमच्या स्वयंपाकघरास पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें. त्याला नांव देण्याची गरज मात्र कोणास वाटली नाहीं.

नांव मिळालें तें युरोपांत. इटलींतील बोलोन्या शहरीं बेक्कारी नांवाच्या विद्वानानें १७२८ सालीं कणकेचा गोळा पाण्याखालीं धूत धूत त्यांतील सत्त्व वाहूं दिलें, तेव्हां त्याच्या हातांत एक करडा, चिवट, ताणला तर लांबणारा गोळा उरला. प्राण्यांच्या शरीरांतून निघणाऱ्या पदार्थांसारखें हें द्रव्य धान्यांत सांपडावें याचें त्याला नवल वाटलें. सरसाला लॅटिन भाषेंत जो शब्द आहे तोच या द्रव्यास चिकटला : ग्लुटेन. पावाचा फुगवटा धरून ठेवणारें व पोळीला पदर आणणारें तें हेंच. कांहीं माणसांच्या आंतड्यांस तें विषासारखें बाधतें, हें कळावयास मात्र तेथून पुढें सुमारें सवादोनशें वर्षें लागलीं. इतकीं कां लागलीं, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

रोग जुनाच आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या अरेटीयस या ग्रीक वैद्यानें एका जुनाट पोटाच्या विकाराचें वर्णन करून ठेवलें आहे. त्यांत खाल्लेलें अन्न पचनाशिवाय बाहेर पडतें व रोगी झिजत जातो. पोटाला जो ग्रीक शब्द, त्यावरून त्यानें दिलेलें नांव ‘सीलिॲक’ या रूपानें आजहि चालतें. आमच्याकडे चरकाच्या चिकित्सास्थानांत ग्रहणीरोगाचें स्वतंत्र प्रकरण आहे, व त्या रोगांत ताकाची थोरवी गाइली आहे. परंतु तेवढ्यावरून हा शोध आमच्या पूर्वजांनीं आधींच लावला होता असें म्हणण्याचा मोह आम्ही आवरतों. ग्रहणीच्या पोटांत दहा निरनिराळे रोग बसूं शकतील. त्यांतला हा एक असेलहि.

अर्वाचीन वैद्यकांत या रोगाची ओळख प्रथम नीट करून दिली ती लंडनच्या सॅम्युअल गी यानें. १८८७ च्या ऑक्टोबरांत ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयांत त्यानें व्याख्यान दिलें, व पुढील वर्षीं तें छापून निघालें. वर्षा-दोन वर्षांचें मूल. हातपाय काटकुळे, पोट नगाऱ्यासारखें, शौच विपुल, फिकें व दुर्गंधियुक्त. वाढ खुंटलेली, स्वभाव चिरचिरा. हें चित्र आजच्या डॉक्टरासहि दुरुस्त करावें लागत नाहीं. गीनें असेंहि सांगितलें कीं, रोगी बरा व्हावयाचाच असेल तर तो आहारानेंच होईल. पण पुढें त्यानें पथ्य कोणतें सांगावें? भात वर्ज्य, साबुदाणा वर्ज्य, आणि पावाचे पातळ काप दोन्ही बाजूंनीं चांगले भाजून द्यावे! दारापर्यंत येऊन त्यानें बाहेरून कडी लावून घेतली. एका मुलास त्यानें रोज उत्तम डच शिंपले खाऊं घातले. मूल झपाट्यानें सुधारलें, हंगाम संपला तसें पुनः पडलें, आणि दुसऱ्या वर्षीं त्यानें शिंपल्यांस तोंडच लावलें नाहीं. यांत हंसूं येण्यासारखें आहे, पण त्या मुलाची आई हंसली नसावी.

आमच्या मतें या दीर्घ अज्ञानाचें कारण बुद्धीचें नव्हतें, भक्तीचें होतें. युरोपांत पाव हें नुसतें खाद्य नव्हे; आमच्याकडे ‘अन्न’ या शब्दाला जें वजन आहे तें तिकडे पावाला आहे. ख्रिस्ती लोक देवाजवळ रोजचा पाव मागतात. ती प्रार्थना मराठींत आणतांना भाषांतरकारांनीं त्या पावाची भाकर केली, यांतच सर्व आलें. जें देवाजवळ मागावयाचें त्यावरच संशय कोण घेणार? १९२४ सालीं न्यूयॉर्कच्या सिडनी हास या डॉक्टरानें अशा मुलांस केळ्यांवर ठेवून खरोखर बरें केलें. त्याच्या पथ्यांत पाव बंदच होता. पण यश मिळालें तें केळ्यास! पुढें कित्येक वर्षें केळें हें या रोगावरील औषध म्हणून मिरवलें. मूल सुधारलें म्हणजे रोग गेला, आतां पाव द्यावयास हरकत नाहीं, अशी हासची समजूत होती. त्यामुळें किती मुलांच्या आंतड्यांचें पुनः नुकसान झालें असेल, त्याची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं.

पावावर बोट ठेवलें तें विलेम कारेल डिके या डच बालवैद्यानें. जन्म १९०५ चा; १९३६ सालीं, वयाच्या तिसाव्या-एकतिसाव्या वर्षीं, हेग येथील ज्यूलियाना बालरुग्णालयाचा तो प्रमुख झाला. पाव बंद केला कीं माझ्या मुलाच्या अंगावरचा पुरळ जातो, असें एका आईनें त्याला सांगितलें आणि त्याचें लक्ष तिकडे वळलें, अशी हकीकत आहे. त्यानें त्या बाईस ‘तुम्हांला काय कळतें’ असें म्हटलें नाहीं, एवढ्यासाठींच आम्हांस हा मनुष्य मोठा वाटतो. त्यानें मुलांस गव्हावांचून ठेवून पाहिलें, पुनः गहूं देऊन पाहिलें, आणि १९४१ सालीं डच वैद्यकीय नियतकालिकांत आपला अनुभव छापला. देश तेव्हां जर्मनांच्या टांचेखालीं होता. बाहेरच्या जगानें तो लेख वाचण्याचा संभवच नव्हता.

नंतर आला १९४४-४५ चा हिवाळा. सप्टेंबरांत डच रेल्वेच्या नोकरांनीं संप केला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनीं पश्चिम हॉलंडकडे जाणारें धान्य अडविलें, आणि अडवणूक सैल होते तों थंडीनें कालवे गोठले. ॲम्स्टरडॅम, हेग, रॉटरडॅम यांसारख्या संपन्न शहरांत माणशीं रोजचा शिधा हजार कॅलरींच्या खालीं उतरला, व त्याहूनहि पुष्कळ खालीं गेला. लोक साखरेचे बीट खाऊं लागले, ट्यूलिपचे कंद उकडून खाऊं लागले. सुमारें वीस हजार माणसें दगावलीं. आणि या सर्व हाहाकारांत डिकेच्या रुग्णालयांतील कांहीं मुलें मात्र सुधारत होतीं! पाव नव्हता म्हणून तीं सुधारत होतीं. पुढें पाव परत आला, आणि तीं पुनः आजारी पडलीं.

ही गोष्ट इतकी नाट्यपूर्ण आहे कीं, दुष्काळामुळेंच हा शोध लागला असें सर्रास सांगितलें जातें. तें खरें नाहीं. डिकेचा संशय दुष्काळाच्या आठ-दहा वर्षें आधींचा आहे. दुष्काळानें त्याला साक्ष दिली एवढेंच. साक्ष मात्र अशी होती कीं, कोणत्याहि प्रयोगशाळेंत ती निर्माण करतां आली नसती व करण्याचा कोणास अधिकारहि नव्हता. भुकेनें मरणाऱ्या शहरांत बरें होणारें मूल पाहून त्या डॉक्टरास काय वाटलें असेल, याचा विचार मनांतून जात नाहीं.

युद्ध संपल्यावर त्यानें व्हान डे कामर हा रसायनज्ञ व वेयर्स हा बालवैद्य यांच्या साह्यानें काम पुढें नेलें. मुलाच्या शौचांतून किती स्निग्धांश वाया जातो तें मोजण्याची रीत व्हान डे कामरनें बसविली, त्यामुळें ‘बरें वाटतें’ याच्या जागीं आंकडा आला. १९५० सालीं डिकेनें उट्रेख्ट विद्यापीठास आपला प्रबंध सादर केला : गहूं व राय बाधतात, तांदूळ, मका व बटाटा बाधत नाहींत, आणि विशेष म्हणजे गव्हाचें निव्वळ सत्त्वहि बाधत नाहीं. बेक्कारीनें वाहूं दिलें होतें तें निर्दोष ठरलें. त्याच्या हातांत उरला तो गोळाच अपराधी निघाला. १९५२ सालीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनीं त्यास दुजोरा दिला. पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १९५० नंतरच्या दशकांत आंतड्याच्या आंतल्या अस्तराचा तुकडा नळीनें काढून पाहतां येऊं लागला. निरोगी अस्तरावर मखमलीसारखे उभे अंकुर असतात, ते या रोग्यांत झडून सपाट झालेले आढळले. १९९७ सालीं रोग्याचें शरीर स्वतःच्याच कोणत्या द्रव्याशीं वैर धरतें तें कळलें, व रक्तावरून परीक्षा करणें सोपें झालें. औषध मात्र अद्यापि पथ्य हेंच आहे. तें जन्मभर पाळावें लागतें.

डच डॉक्टराची ती निर्दोष धान्यांची यादी वाचतांना आमच्या मनांत आलें कीं, याला देशावरच्या एखाद्या शेतकऱ्याची चूल दाखवावयास हवी होती. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, तांदूळ यांपैकीं एकांतहि तें द्रव्य नाहीं. पोळी ही सणाची, पाहुण्याची, श्राद्धाची. रोजची ती भाकरी; भाषांतरकारांचा कान चुकला नव्हता. गहूं घरोघर रोजचा झाला तो फार मागाहून. १९५६ सालीं अमेरिकेशीं पी. एल. ४८० चा करार झाला, रेशनच्या दुकानांत परदेशी गहूं आला, आणि पुढच्या दशकांत पंजाबाकडील नव्या बुटक्या वाणांनीं कोठारें भरलीं. (१९७२ च्या दुष्काळांतला तांबडा मिलो म्हाताऱ्या माणसांस अजून आठवतो, त्याला लोकांनीं नांवें ठेवलीं, पण तो बिचारा ज्वारीचाच परदेशी भाऊ होता.) गहूं आला तो एकटा आला नाहीं, त्याच्याबरोबर पोळी खाणारे ते सुधारलेले व भाकरी खाणारे ते गांवढळ, ही समजूतहि शहरांत पक्की झाली.

गहूं वाढला म्हणून रोग वाढला असें सरळ समीकरण मात्र मांडतां येत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत उत्तर भारतांत शेंकडा एकाहून थोडें अधिक लोक या रोगाचे आढळले, दक्षिणेंत वेल्लोरकडे हजारीं एक. दोहोंकडच्या लोकांची आनुवंशिक तयारी सारखीच, तेव्हां खापर गव्हावर फोडण्याचा मोह होतो. पण त्याच पाहणींत आसामचा आंकडा उत्तरेच्या जवळ आहे, आणि तेथें गहूं फारसा खात नाहींत. महाराष्ट्र या पाहणींत नव्हताच.

पथ्य कागदावर सोपें, संसारांत अवघड. गहूं तेवढा टाळला म्हणजे झालें असें नव्हे. जंव टाळावा लागतो, आणि खपलीहि टाळावी लागते. खपली जुनी, देशी, पचावयास हलकी, म्हणून ती चालेल असें सांगणारे पुष्कळ भेटतात. ती गव्हाचीच जात आहे. रवा, शेवया, लापशी हे उघड शत्रु. भाजणींत मूठभर गहूं असतात, सातूच्या पिठांत तर असतातच, आणि वरणाला घातलेल्या चिमूटभर बांधानी हिंगांत मैदा असूं शकतो. सर्वांत मोठें संकट गांवच्या गिरणीचें : गहूं दळून झाला कीं त्याच जात्यांत ज्वारीचा डबा ओततात. दर किलोस वीस मिलिग्रॅम ही ज्या द्रव्याची मर्यादा, त्याला गिरणीची एक फुंकर पुरते. अशा घरानें एक तर लहान चक्की घ्यावी, नाहीं तर गिरणीवाल्याशीं सख्य करून आठवड्याचें पहिलें दळण आपलें ठेवावें. आणि तेंहि गिरणी झाडून, वरचें पीठ टाकून देऊन.

पोषणाविषयीं एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, गहूं सोडून नुसत्या पांढऱ्या भातावर व साबुदाण्यावर राहणें म्हणजे आगींतून फुफाट्यांत पडणें होय. दुकानांतलीं ‘ग्लुटेनरहित’ महाग बिस्किटें बहुधा पिष्ट, साखर व तेल यांचींच असतात. नाचणींत दर शंभर ग्रॅमला साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. बाजरी, राजगिरा, डाळी, तीळ हे घरांत असतां डबा उघडण्याचें कारण नाहीं. उलट, ज्यांस रोग नाहीं अशीं माणसें हल्लीं हौसेनें गहूं सोडतात. ती हौस आम्हांस समजत नाहीं. ज्यास शंका असेल त्यानेंहि परीक्षेपूर्वीं गहूं सोडूं नये, कारण मग रक्तांतील खूण पुसट होते व निदान हुकतें.

आमच्या ओळखीच्या एका घरीं चार वर्षांची नात वाढेना. दोन वर्षें शक्तीचीं औषधें झालीं, दृष्ट काढून झाली. आजी रोज दुधांत पोळी कुसकरून, वर साजुक तूप घालून, एकेक घांस तिला भरवीत असे. पोर रडे, आजी चुचकारी. निदान झालें त्या दिवशीं ती म्हातारी जेवली नाहीं. ‘मीच भरवलें हो’, एवढेंच ती म्हणत होती, आणि सुनेनें तिची समजूत घालावी अशी उलटी पाळी आली. तिचा दोष काय होता? मोठमोठ्या डॉक्टरांनींहि अशा मुलांस भाजून पावच दिला होता.

आतां मुलगी दहा वर्षांची आहे. लग्नाच्या पंगतींत बसण्यापूर्वीं वाढप्याला ‘काका, आमटींत हिंग आहे का?’ असें न लाजतां विचारते. गेल्या होळीस आजीनें ज्वारीच्या पिठाची पुरणपोळी करून पाहिली. ती अर्थातच फाटली. दुसरी तांदळाच्या पिठाची केली, तीहि उलथतांना तव्यावरच मोडली. तेव्हां आजीनें पुरण तसेंच वाटींत घातलें, वर तूप सोडलें, आणि नातीला भाकरीबरोबर वाढलें. मुलीनें पुरण खाल्लें, भाकरी ठेवली, आणि आणखी एक वाटी मागितली.