स्मृतिभ्रंशाचे निदान आणि सांस्कृतिक भिन्नता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

अल्झायमर रोगाचा इतिहास बहुधा सूक्ष्मदर्शकाच्या अंगाने सांगितला जातो. तथापि मेंदूतील विकृती दीर्घकाळ केवळ मरणोत्तर तपासणीतच दिसत असे. जिवंत रुग्णाचे निदान मुख्यतः प्रश्नोत्तरांवर अवलंबून होते. हे प्रश्न कोणत्या भाषेत आणि कोणते शिक्षण गृहीत धरून विचारले गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रारंभीचा कालखंड

इ. स. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात डॉ. आलोइस अल्झायमर यांनी आउगुस्टे डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीची तपासणी केली. स्वतःचे नाव लिहिण्यास सांगितले असता 'श्रीमती' एवढेच लिहून पुढचे ती विसरली. लेखनातील हा दोष रोगाचे लक्षण मानता आला, कारण ती साक्षर होती. तिच्या मृत्यूनंतर १९०६ मध्ये अल्झायमर यांनी तिच्या मेंदूतील विकृतींचे वर्णन ट्यूबिंगेन येथे सादर केले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगास अल्झायमर यांचे नाव दिले.

या संशोधनाला आरंभापासूनच आंतरराष्ट्रीय स्वरूप होते. लायबेरियात जन्मलेले, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कुटुंबाचे वंशज असलेले डॉ. सॉलोमन कार्टर फुलर हे अमेरिकेतील तरुण विकृतिशास्त्रज्ञ १९०४ मध्ये म्युनिक येथे अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. मायदेशी परतल्यावर १९१२ मध्ये त्यांनी तोवरच्या ज्ञात रुग्णांचा इंग्रजीत सविस्तर आढावा घेतला व त्यात स्वतः अभ्यासलेल्या रुग्णाची भर घातली. पुढे या रोगाच्या रूढ इतिहासात मात्र त्यांचे नाव दीर्घकाळ उपेक्षित राहिले.

मापनातील गृहीतके

१९७५ मध्ये मार्शल फोलस्टीन व सहकाऱ्यांनी ३० गुणांची संक्षिप्त मानसिक स्थिती चाचणी प्रसिद्ध केली. दिनांक सांगणे, लिखित सूचना वाचून कृती करणे, एक वाक्य लिहिणे, आकृती उतरवणे असे तिचे स्वरूप होते. अल्पावधीत ती जगभर वापरली जाऊ लागली. परंतु ज्याने कधी लेखणी धरली नाही त्याचे गुण येथे आजार नसतानाही कमी पडतात. अशा वेळी निरोगी व्यक्तीवर रोगाचा शिक्का बसण्याचा, तर उच्चशिक्षित रुग्णाचा आजार चाचणीतून निसटण्याचा धोका संभवतो.

भारतीय अनुभव

हरियाणातील बल्लभगढ परिसरात डॉ. मेरी गांगुली, डॉ. विजय चंद्रा व सहकाऱ्यांनी या प्रश्नास हात घातला. तेथील बहुसंख्य वृद्ध निरक्षर होते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी चाचणीत केवळ शब्दांचे भाषांतर झाले नाही, तर प्रश्नांचा हेतू जपून त्यांचे रूप बदलले गेले. लिखित सूचनेऐवजी परीक्षकाची कृती पाहून तशीच करावयाची होती. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे होते. १९९८ मधील अहवालानुसार तेथे ६५ वर्षांवरील व्यक्तींत अल्झायमर रोगाचे प्रमाण १.०७ टक्के, म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत बरेच कमी आढळले. चाचणी स्थानिक नसती तर या आकड्यावर विश्वास ठेवणे कठीण झाले असते.

भाषिक विविधता ही केवळ अडचण नाही, हेही भारतातच अधोरेखित झाले. २०१३ मध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी हैदराबाद येथील ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे त्यात दिसले. हा फरक निरक्षरांतही आढळला. त्यामुळे त्याचे श्रेय केवळ शालेय शिक्षणास देता येत नाही.

समारोप

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने तयार झालेला बहुभाषिक चाचणीसंच २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजीसह हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या भाषा होत्या, मराठी नव्हती. वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी बोलणाऱ्या निरक्षर वृद्धेची स्मृती प्रमाणभाषेतील लेखी प्रश्नांनी मोजता येणार नाही. तिच्यासाठी योग्य प्रश्न घडवण्यास वैद्यकाबरोबर भाषाशास्त्र, मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचीही गरज आहे. महाविद्यालयांतील नवसंशोधकांना येथे मोठे कार्यक्षेत्र उपलब्ध आहे. फुलर यांच्यासारख्या नवख्या अभ्यासकाने या ज्ञानशाखेच्या पायाभरणीत घातलेली भर त्यांना मार्गदर्शक ठरावी.